पुरावा किती कोळंब्यांचा आणि किती तळ्यांचा?

कोळंबीच्या शेतीसाठी लागणाऱ्या मालाच्या दुकानात खाद्याच्या पोत्यांबरोबर डबे, बरण्या आणि पुड्याही रांगेने मांडलेल्या असतात. कोणात जीवनसत्त्वे असतात, कोणात यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून काढलेले ग्लुकन, कोणात उपयुक्त जीवाणू, तर कोणात वनस्पतींचे अर्क. यांना एकत्रितपणे पूरक खाद्यघटक किंवा थोडक्यात ‘पूरके’ म्हणता येईल. वेष्टनांवरची भाषा मात्र बरीचशी सारखीच असते. रोगप्रतिकारशक्ती वाढते, आतडे निरोगी राहते आणि मरतुक कमी होते, असे ती सांगते.

प्रस्तुत लेखात या तीन दाव्यांची चिकित्सा करण्याचा आमचा विचार आहे. पूरके निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. काही पूरकांवाचून बंदिस्त जागेतली कोळंबी जगूच शकत नाही, हे प्रयोगांनी निर्विवादपणे सिद्ध झालेले आहे. परंतु या पक्क्या पुराव्याच्या आधारावर त्याच दुकानातल्या दुसऱ्या अनेक गोष्टी विकल्या जातात आणि त्यांचा पुरावा फार वेगळ्या प्रतीचा असतो. हे दोन पुरावे वेगळे कसे ओळखायचे, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी जीवशास्त्र थोडे, रसायनशास्त्र थोडे आणि अकरावी-बारावीचे संभाव्यतेचे गणित एवढीच शिदोरी पुरेशी आहे.

पूरकांची गरज का भासली?

भारताच्या सागरी उत्पादनांच्या निर्यातीत मूल्याच्या दृष्टीने गोठवलेल्या कोळंबीचा क्रमांक पहिला लागतो. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचा सर्वांत मोठा वाटा आंध्र प्रदेशाचा आहे. आपल्याकडे पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांकाठीही अशी तळी आहेत. या व्यवसायाचा गेल्या तीन दशकांचा इतिहास बराचसा रोगांचा इतिहास आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग १९९२-९३ मध्ये पूर्व आशियात पसरला आणि १९९४ च्या सुमारास भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला. तो तळ्यात शिरला की काही दिवसांत जवळजवळ सगळे पीक मरते. २००९ च्या सुमारास चीनमध्ये लहान कोळंब्या अचानक मरू लागल्या. या रोगाचे कारण व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस या जीवाणूचे एक विषारी वाण आहे, हे २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले.

आरंभी शेतकऱ्यांनी प्रतिजैविकांचा आश्रय घेतला. विषाणूवर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग नसतो, तरी ती वापरली गेली. पुढे २००१-०२ मध्ये आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडले, माल परत आला आणि निर्बंध कडक झाले. औषध वापरता येत नाही आणि रोग तर दाराशी उभा आहे, अशा कोंडीत सापडलेल्या शेतकऱ्याला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे खाद्य’ हा मार्ग आकर्षक वाटावा यात नवल नाही. संशोधकांनाही तो तसाच वाटला आणि या विषयावर शोधनिबंधांचा मोठा साठा तयार झाला. प्रतिजैविकांना पर्याय शोधण्याचा हा हेतू योग्यच होता. पण हेतू योग्य असला म्हणून निष्कर्ष आपोआप योग्य ठरत नाही.

उणीव भरून काढणारी पूरके

प्रथम ज्यांच्याबद्दल शंका नाही अशी पूरके पाहू. माणसाला कोलेस्टेरॉल आहारात मिळाले नाही तरी चालते, कारण आपले यकृत ते तयार करते. कोळंबीला आणि एकूणच कवचधारी संधिपाद प्राण्यांना ही सोय नाही. त्यांना स्टेरॉलचा रेणू मुळापासून बनवता येत नाही. कात टाकण्याची क्रिया घडवून आणणारे संप्रेरक मात्र कोलेस्टेरॉलपासूनच बनते. म्हणून कोळंबीच्या खाद्यात कोलेस्टेरॉल थोड्या प्रमाणात तरी असावेच लागते. ते नसेल तर कोळंबी नीट कात टाकू शकत नाही, वाढत नाही आणि अखेर मरते.

दुसरे उदाहरण ‘क’ जीवनसत्त्वाचे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिस्त टाक्यांत वाढवलेल्या कोळंब्यांच्या एका विकाराचे वर्णन केले. कवचाखाली, सांध्यांपाशी, कल्ल्यांत आणि जठराच्या भिंतीवर काळे डाग पडत आणि कोळंब्या मरत. या विकाराला ‘काळा मृत्यू’ असे नाव पडले. त्याचे कारण कोणताही जंतू नव्हता. खाद्यात ‘क’ जीवनसत्त्व नव्हते, त्यामुळे कोलॅजन हे प्रथिन नीट बनत नव्हते आणि जखमा भरून येत नव्हत्या. खलाशांना होणाऱ्या स्कर्व्हीचा हा कोळंबीतला अवतार म्हणता येईल. खाद्यात जीवनसत्त्व घातले की विकार टळत असे. ज्या पाण्यात शेवाळ भरपूर असे तेथे कोळंबीला ते निसर्गतःच मिळत असे.

या उदाहरणात पुराव्याच्या सर्व कड्या जुळलेल्या आहेत. घटक काढला की विकार होतो, घातला की टळतो आणि मधली रासायनिक क्रिया आपल्याला माहीत आहे. मात्र त्यातून निघणारा अर्थ मर्यादित आहे. उणीव भरून निघाल्यावर तोच घटक आणखी घातल्याने आरोग्य त्याच प्रमाणात वाढत जाईल, असे यातून सिद्ध होत नाही. घागर भरल्यावर ओतलेले पाणी बाहेरच सांडते. चांगल्या तयार खाद्यात ही जीवनसत्त्वे, कोलेस्टेरॉल आणि खनिजे आधीच घातलेली असतात. अशा खाद्यावर वरून पुन्हा तीच पुडी चोळायची असेल, तर आधी ‘मुळात उणीव आहे काय’ हा प्रश्न विचारायला हवा.

येथे आणखी एक अडचण आहे. कोळंबी मासा गिळतो तशी खाद्याची गोळी गिळत नाही. ती गोळी पायांनी धरून, कुरतडत सावकाश खाते. तेवढ्या वेळात पाण्यात विरघळणारे घटक गोळीतून निसटून जातात. साधे ‘क’ जीवनसत्त्व तर खाद्य तयार करताना उष्णतेनेही बऱ्याच अंशी नष्ट होते. यावर उपाय म्हणून फॉस्फेट जोडलेले टिकाऊ जीवनसत्त्व वापरात आले. तेव्हा पुडीत किती घातले याइतकेच कोळंबीच्या पोटात किती पोहोचले हेही महत्त्वाचे ठरते.

प्रतिकारशक्ती ‘वाढते’ म्हणजे काय?

आता दुसऱ्या गटाकडे वळू. कोळंबीच्या शरीरात माणसासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तिच्या रक्तपेशी आक्रमकाला ओळखतात ते त्याच्या पृष्ठभागावरील काही सर्वसाधारण खुणांवरून. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील ग्लुकन ही अशीच एक खूण. स्वीडनमधील उपसाला विद्यापीठात केनेथ सॉडरहॉल यांनी गोड्या पाण्यातील क्रेफिश या कोळंबीच्या नातेवाइकावर काम करून ही यंत्रणा उलगडली. ग्लुकन आढळले की रक्तपेशींतून एक निष्क्रिय विकर बाहेर पडते, ते सक्रिय होऊन फिनॉलऑक्सिडेज बनते आणि त्यातून मेलॅनिन हे काळे द्रव्य तयार होते. या काळ्या द्रव्यात आक्रमक जंतू कोंडला जातो. बर्फाशिवाय ठेवलेल्या कोळंबीचे डोके काळे पडते ते याच जातीच्या विकरामुळे, आणि सफरचंदाची कापलेली फोड तपकिरी होते तेही अशाच विकरांमुळे. हे विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल.

ग्लुकनने यंत्रणा चेतते, म्हणून खाद्यातून ग्लुकन द्यावे म्हणजे कोळंबी आधीपासूनच सज्ज राहील, असा तर्क पुढे आला. तर्क आकर्षक आहे. पण त्यात दोन गाळलेल्या जागा आहेत.

पहिली जागा अशी. फिनॉलऑक्सिडेज वाढले किंवा रक्तपेशींची संख्या वाढली, तर कोळंबी अधिक निरोगी झाली असे अनेक शोधनिबंधांत गृहीत धरलेले असते. माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर डॉक्टर अभिनंदन करत नाहीत, संसर्ग कोठे आहे ते शोधतात. कोळंबीच्या रक्तपेशींची संख्या कात टाकण्याच्या अवस्थेनुसार, खारेपणानुसार आणि तापमानानुसार बदलत राहते. हा आकडा म्हणजे यंत्रणेच्या हालचालीचे माप आहे. त्यावरून आरोग्याचा निर्णय थेट देता येत नाही.

दुसरी जागा खर्चाची. मेलॅनिन बनताना जी मधली रसायने तयार होतात ती जंतूला जशी मारक, तशीच कोळंबीच्या स्वतःच्या पेशींनाही अपायकारक असतात. म्हणूनच या विकराला लगाम घालणारी प्रथिनेही तिच्या शरीरात असतात. दारावरची घंटा रात्रंदिवस वाजत ठेवली तर घर अधिक सुरक्षित होते असे नाही. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. त्यांनी पांढऱ्या भारतीय कोळंबीला ग्लुकन वेगवेगळ्या मात्रांत आणि वेगवेगळ्या अंतराने दिले आणि नंतर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूशी तिचा सामना घडवला. सर्वांत चांगले संरक्षण मिळाले ते खाद्यात ०.२ टक्के ग्लुकन सात दिवसांतून एकदा दिल्यावर. म्हणजे ‘जितके अधिक आणि जितके वारंवार तितके चांगले’ हे सूत्र येथे लागू पडत नाही. डब्यावर मात्र पुष्कळदा ‘रोज’ असाच सल्ला असतो.

ही शंका आमच्यापुरती नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या व्हॅलेरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा घेतला. कवचधारी प्राण्यांत प्रतिकारशक्ती चेतवल्याने संसर्गापासून खरोखर संरक्षण मिळते काय, हाच प्रश्न त्यांनी आढाव्याच्या शीर्षकात मांडला आणि अशा पूरकांमागची सैद्धांतिक बैठक पुरेशी भक्कम नसल्याचे दाखवून दिले.

टाकी मोजावी की कोळंबी?

तिसरा गट उपयुक्त जीवाणूंचा. थायलंडमधील सिरिरात रेंगपिपात आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. टायगर कोळंबीला १०० दिवस बॅसिलस जीवाणूचे ‘एस ११’ हे वाण मिसळलेले खाद्य दिले. नंतर व्हिब्रिओ हार्वेई हा रोगकारक जीवाणू पाण्यात सोडून १० दिवस निरीक्षण केले. बॅसिलस मिळालेल्या गटांतील सर्व म्हणजे १०० टक्के कोळंब्या जगल्या. साध्या खाद्यावरच्या गटात फक्त २६ टक्के जगल्या.

या प्रयोगाचे गुण मान्य केले पाहिजेत. वाण नेमके सांगितले आहे, रोगकारक जीवाणू सुईने न टोचता पाण्यातून दिला आहे आणि फरक मोठा आहे. अनेक प्रयोगांत रोगकारक थेट टोचला जातो. त्यामुळे कवच आणि आतडे हे दोन्ही तट ओलांडून शत्रू आतच उतरतो. आतडे सुधारणाऱ्या पूरकाची परीक्षा आतड्याला वगळून घेण्यात काय अर्थ आहे?

परंतु या प्रयोगावरून बाजारात आलेल्या प्रत्येक बॅसिलसच्या पुडीला प्रशस्तिपत्र मिळत नाही. पुडीतले वाण वेगळे असू शकते. पुडी गोदामात उन्हात पडून राहिली असेल तर त्यातले किती जीवाणू जिवंत आहेत, तेही पाहावे लागेल. तसेच व्हिब्रिओविरुद्ध मिळालेला पुरावा पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूविरुद्ध चालत नाही.

आता या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत सहज नजरेआड होणाऱ्या दोषाकडे वळू. समजा, एका टाकीत ५० कोळंब्यांना पूरक दिले आणि दुसऱ्या टाकीत ५० कोळंब्यांना दिले नाही. पहिल्या टाकीत ४० जगल्या, दुसरीत २५. नमुना १०० कोळंब्यांचा आहे असे समजून सूत्र लावले तर फरक अतिशय लक्षणीय निघतो. पण एका टाकीतल्या ५० कोळंब्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. त्यांचे पाणी एक, प्राणवायू एक आणि जंतूही तेच. एक मेली की तिला बाकीच्या खातात आणि रोग पसरतो. पूरक एकेका कोळंबीला वेगळे दिलेले नाही, ते टाकीला दिले आहे. म्हणून हा नमुना १०० चा नसून दोनचा आहे! कोणत्याही दोन टाक्यांत एकीत जास्त आणि एकीत कमी कोळंब्या जगणारच. ती जास्तीची टाकी पूरकाचीच निघण्याची शक्यता केवळ योगायोगाने १/२ आहे.

यापुढचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. चार टाक्या असतील आणि त्यांतल्या कोणत्या दोघींना पूरक द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले असेल, तर निवडीचे ६ प्रकार संभवतात. पूरकाचा काहीच परिणाम नसला तरी सर्वांत चांगल्या दोन टाक्या नेमक्या पूरकाच्या निघण्याची शक्यता १/६ आहे. सहा टाक्या घेऊन तिघींना पूरक दिले तर निवडीचे २० प्रकार, म्हणून शक्यता १/२०. आठ टाक्या घेऊन चौघींना दिले तर १/७०. प्रत्येक टाकीत ५० कोळंब्या आहेत की ५००, याने या आकड्यांत काहीही फरक पडत नाही.

या दोषाला ‘खोटी पुनरावृत्ती’ म्हणता येईल. अमेरिकेतील परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये त्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. त्यांनी परिसंस्थाशास्त्रातील १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले आणि त्यांपैकी २७ टक्के अभ्यासांत त्यांना हा दोष आढळला. कोळंबीच्या प्रयोगांना तर हा धोका अधिकच, कारण कोळंबी स्वस्त आणि पुष्कळ मिळते, टाक्या महाग आणि मोजक्या असतात.

यातच आणखी एक गोष्ट मिसळते. फरक दिसला तर प्रयोग छापला जातो, न दिसला तर तो बहुधा कपाटात राहतो. समजा, मुळीच परिणाम नसलेल्या वीस पूरकांची सहा-सहा टाक्यांवर परीक्षा घेतली. प्रत्येक परीक्षेत योगायोगाने यश दिसण्याची शक्यता १/२० आहे. तर वीसपैकी निदान एक पूरक ‘यशस्वी’ दिसण्याची शक्यता किती? विद्यार्थी ०.९५ चा विसावा घात काढून तो १ मधून वजा करतील, तर उत्तर सुमारे ६४ टक्के येईल. वेष्टनावर छापला जाईल तो हाच एक प्रयोग.

शेतावरची तुलना

टाकी म्हणजे तळे नव्हे, तेव्हा पुरावा शेतावरच शोधावा असे कोणी म्हणेल. तेही करून पाहू. डेव्हिड मोरिआर्टी यांनी १९९८ मध्ये इंडोनेशियातील शेतांवरची निरीक्षणे प्रसिद्ध केली. सर्व शेतांच्या पाण्यात चमकणारे व्हिब्रिओ जीवाणू होते. ज्या शेतांनी बॅसिलस वापरला नाही तेथे ८० दिवसांच्या आत जवळपास सर्व तळ्यांतले पीक गेले. त्याच स्रोताचे पाणी वापरून, पण तळ्यात निवडक बॅसिलस वाणे सोडून, एका शेतावर १६० दिवसांहून अधिक काळ कोळंबी विनाअडथळा वाढत होती.

ही निरीक्षणे महत्त्वाची आहेत आणि त्यांच्यामुळे पुढच्या संशोधनाला चालना मिळाली. परंतु बॅसिलस वापरणारे शेत एकच आहे. त्या शेताच्या व्यवस्थापकाने बीज वेगळ्या ठिकाणाहून आणले असेल, तळाचा गाळ नीट काढला असेल, खाद्य मोजून टाकले असेल, तर त्या सर्वांचे श्रेय बॅसिलसच्या खात्यात जमा होऊ शकते. चांगला शेतकरी पूरकही वापरतो आणि इतर काळजीही घेतो. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर कोणत्या तळ्यात पूरक घालायचे हे शेतकऱ्याने ठरवून चालत नाही, ते नाणेफेकीने ठरावे लागते.

आणखी एक चकवा आहे. शेतकरी नवे पूरक केव्हा विकत घेतो? बहुधा एखादे पीक फार वाईट गेल्यावर. फार वाईट पिकानंतरचे पीक सरासरीच्या जवळ येणे, म्हणजे आधीपेक्षा बरे असणे, हे पूरकाशिवायही घडतेच. वर्गात एका चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या दहा विद्यार्थ्यांना काहीही न करता पुढच्या चाचणीला बसवा, त्यांची सरासरी बहुधा वाढलेली दिसेल. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही.

हिशोब शेतकऱ्याचा

हा सगळा वाद केवळ शास्त्रशुद्धतेचा नाही. कोळंबीशेतीत खर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग खाद्यावर जातो आणि पैसा पुष्कळदा उसनवारीचा असतो. एक काल्पनिक हिशोब मांडू. समजा, एका तळ्यात ६ टन खाद्य घालून ४ टन कोळंबी निघते. खाद्याच्या प्रत्येक किलोला ५ रुपयांची पूरके लागली, तर एकूण खर्च ३०,००० रुपये. कोळंबीला किलोला ३०० रुपये भाव धरला, तर हा खर्च भरून निघण्यासाठी १०० किलो, म्हणजे अडीच टक्के जास्त कोळंबी निघायला हवी.

अडीच टक्के हा आकडा लहान आहे आणि अडचण तेथेच आहे. शेजारशेजारच्या दोन तळ्यांत, सर्व काही सारखे करूनही, उत्पन्नात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडला तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. अशा स्थितीत अडीच टक्क्यांची वाढ झाली काय, हे एका शेतकऱ्याला दोन-चार तळ्यांवरून कधीच कळणार नाही. पूरक उपयोगी असले तरी कळणार नाही आणि निरुपयोगी असले तरी कळणार नाही. ‘वापरून पाहा, स्वतःच अनुभव घ्या’ हा विक्रेत्याचा सल्ला म्हणूनच फसवा आहे. या अनुभवातून उत्तर मिळण्याची सोयच नाही. मग पीक चांगले आले तर पूरकामुळे आले आणि बुडाले तर पूरक कमी पडले, असा अर्थ लावला जातो.

‘रोग आला तर सगळेच बुडेल, तेव्हा विमा म्हणून तीस हजार काय जास्त?’ असाही युक्तिवाद केला जातो. तो समजण्याजोगा आहे. पण विम्याच्या कागदावर कोणत्या नुकसानीची किती भरपाई हे लिहिलेले असते, पूरकाच्या डब्यावर ते नसते. शिवाय हाच पैसा दुसरीकडेही लावता येतो. रोगांविरुद्ध मोठे यश कशाने मिळाले ते पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. इक्वेडोरमध्ये १९९२ मध्ये उद्भवलेल्या टौरा रोगाला तोंड देणाऱ्या व्हेनामी कोळंबीच्या जाती निवडक पैदाशीतून तयार झाल्या. भारतात २००९ मध्ये व्हेनामीला परवानगी मिळाली ती विशिष्ट रोगांपासून मुक्त असलेल्या मातृसाठ्याच्या अटीवर. बीजाची पीसीआर पद्धतीने तपासणी, पाणी गाळून आणि निर्जंतुक करून घेणे, खेकड्यांना अटकाव, दोन पिकांच्या मध्ये तळे वाळवणे या उपायांचा रोख जंतूला आत येऊच न देण्यावर आहे. या उपायांची जाहिरात फारशी होत नाही, कारण त्यांतले बरेचसे डब्यात भरून विकता येत नाहीत.

मग पुरावा कसा मिळवावा?

मार्ग आहे आणि तो फार अवघड नाही. एका गावातल्या दहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन सारखी तळी निवडावीत. कोणत्या तळ्यात पूरक घालायचे हे नाणेफेकीने ठरवावे. दुसऱ्या तळ्यात तेवढ्याच वजनाचा निरुपद्रवी पदार्थ त्याच डिंकाने खाद्याला चोळावा. कोणत्या पुडीत काय आहे हे पीक निघेपर्यंत शेतकऱ्यालाही कळू नये, म्हणजे एका तळ्याची काळजी अधिक घेतली जाणार नाही. शेवटी दहा जोड्यांपैकी किती जोड्यांत पूरकाचे तळे सरस ठरले एवढेच मोजावे. पूरकाचा परिणाम नसेल तर हा दहा नाणी उडवण्याचाच खेळ होतो. नऊ किंवा दहा जोड्या पूरकाच्या बाजूने लागण्याची शक्यता ११/१०२४, म्हणजे सुमारे एक टक्का. आठ किंवा अधिक लागण्याची ५६/१०२४, म्हणजे साडेपाच टक्के. असा प्रयोग सहकारी संस्था, मत्स्यमहाविद्यालये आणि कंपन्या मिळून सहज करू शकतील. विकणाऱ्यानेच तो करून दाखवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शाळेत यातला एक भाग करून पाहता येईल. कणकेच्या सारख्या आकाराच्या गोळ्या करून वाळवाव्यात. निम्म्या गोळ्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळीचे चूर्ण मिसळून करावेत, निम्म्या तशाच. दोन्ही प्रकारच्या गोळ्या समान पाण्यात वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा तास ठेवाव्यात. नंतर दोन्ही पाणी निथळून घ्यावे, प्रत्येकात थोडी भाताची पेज घालावी आणि आयोडीनचे सौम्य द्रावण थेंबाथेंबाने टाकत निळा रंग टिकेपर्यंत थेंब मोजावेत. ‘क’ जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवते, म्हणून ज्या पाण्यात ते उतरले आहे तेथे थेंब जास्त लागतील. साधी गोळी ठेवलेल्या पाण्यालाही काही थेंब लागतील, आणि हे थेंब वजा केल्याशिवाय उत्तर मिळत नाही. नियंत्रण गट कशासाठी असतो हे व्याख्या पाठ करण्यापेक्षा येथे चांगले कळते. प्रत्येक प्रकारची किमान चार भांडी घ्यावीत आणि एका भांड्यात दहा गोळ्या टाकल्या तरी नमुना एकच धरायचा, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

कोळंबीच्या डब्यावरची भाषा विद्यार्थ्यांना नवी वाटणार नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे शब्द त्यांच्या घरातल्या टॉनिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या बरणीवरही असतात. त्या सर्वांना विचारण्यासाठी पाच प्रश्न आम्ही सुचवतो. हा घटक उणीव भरून काढतो की उणीव नसतानाही फायदा सांगतो? फायदा रक्तातल्या एखाद्या आकड्यात मोजला की जगण्या-मरण्यात? परीक्षा झाली ती याच मालाची की दुसऱ्याच वाणाची? पूरक कोणाला द्यायचे हे कोणी आणि कसे ठरवले? आणि शेवटचा प्रश्न, नमुन्याचा खरा आकडा किती, म्हणजे किती कोळंब्या नव्हे, तर किती तळी? या पाचांची उत्तरे ज्या पूरकाजवळ आहेत ते शेतकऱ्याने अवश्य घ्यावे. ज्याच्याजवळ ती नाहीत, त्याच्यावर घालायच्या पैशात बीजाची तपासणी आधी करून घ्यावी.